लेबल आणि माल

उल्हासनगरचं नाव काढलं की समोरचा माणूस हसून विचारतोच, "म्हणजे मेड इन यूएसए ना?" यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद आम्ही कॅम्प एकमधली माणसं इतक्या वेळा ऐकतो, की पाहुण्याच्या आधीच हसून मोकळे होतो. पण मला स्वतःला त्या विनोदात एक कामाचा प्रश्न दिसतो. खोक्यावर जे लिहिलंय तेच आत आहे का, हे कसं ओळखायचं? कपड्यांच्या बाबतीत ते दर्दी गिऱ्हाइकावर सोडू. मी संगणक दुरुस्त करतो, तेव्हा आज बोलणार आहे ते संगणकातल्या फायलींबद्दल.

माझं दुकान शहाड स्टेशनकडून कॅम्प एकमध्ये शिरताना लागतं. संगणक दुरुस्ती, प्रिंटआउट, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, पाटीवर मावेल तेवढं सगळं. गेल्या पावसाळ्यात आमच्या बॅरकीतल्या एक सिंधी आंटी नखाएवढं मेमरी कार्ड रुमालाच्या गाठीत बांधून घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांच्या जुन्या, बटणांच्या फोनमधलं ते कार्ड. यजमान जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. जीन्स शिवून देण्याचं त्यांचं छोटं काम होतं. त्यांना लिहिता येई ते फक्त सिंधी, तेही उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अरबी वळणाच्या लिपीत, आणि त्या फोनमध्ये ती लिपी नव्हती. म्हणून कोणत्या कारागिराकडे किती नग दिले, कोणाचे पैसे यायचेत, हे ते फोनमध्ये बोलून ठेवत.

"भाऊ, हिसाब नको मला," आंटी म्हणाल्या. "हिसाब मिटला. आवाज पाहिजे."

कार्ड आधी दुसऱ्या एका ठिकाणी दाखवून झालं होतं. तिथे विंडोजची डिस्क तपासणी चालवली होती, आणि "सगळं करप्ट आहे, यात काही नाही" असं सांगून परत पाठवलं होतं. मी कार्ड लावलं. आत एकच फोल्डर, आणि त्यात सातशेच्या वर फायली. पहिलीचं नाव फाईल शून्य शून्य शून्य शून्य डॉट सीएचके. पुढची शून्य शून्य शून्य एक डॉट सीएचके. अशी शेवटपर्यंत रांग. कशावरही दोनदा टिचकी मारली तरी विंडोज म्हणतं, ही फाईल कशाने उघडायची ते मला माहीत नाही.

हे का होतं ते आधी सांगतो. मेमरी कार्ड म्हणजे पुस्तक समजा. पुढे अनुक्रमणिका, मागे पानं. कोणत्या फायलीचं नाव काय आणि ती कुठे सुरू होते, हे अनुक्रमणिकेत लिहिलेलं असतं. अनुक्रमणिका फाटली, तरी पानं जागेवरच असतात. तपासणीच्या कार्यक्रमाला अशी बेवारशी पानं सापडली की तो त्यांच्या गड्ड्या बांधतो आणि प्रत्येक गड्डीला एक क्रमांक देऊन मोकळा होतो. आमचं गाव दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत वसलं. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांना बराकी वाटल्या गेल्या, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी 'उल्हासनगर' हे नाव मिळालं. पण पत्ता सांगताना आजही लोक बॅरक नंबरच सांगतात. नंबरावरून आत कोण राहतं ते कळत नाही; दार वाजवावं लागतं. या सातशे फायलींचं दार वाजवायचं होतं.

संगणकात फायलीच्या नावाला टिंब देऊन जी दोन-चार अक्षरं जोडतात, त्याला आम्ही एक्स्टेन्शन म्हणतो. जेपीजी म्हणजे फोटो, पीडीएफ म्हणजे छापील पानासारखा कागद, वगैरे. हे शेपूट आपण कधीही काढू शकतो, बदलू शकतो. आत काही बदलत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पण बहुतेक फायली जन्मतःच स्वतःच्या अंगावर एक खूण घेऊन येतात. पहिल्या काही बाइटमध्येच ती असते. बाइट म्हणजे शून्य ते २५५ मधला एक आकडा. सगळी फाईल म्हणजे अशा आकड्यांची माळ.

रेडिओवर फळा नसतो, तेव्हा तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. जेपीजी फोटोची माळ २५५, २१६, २५५ अशी सुरू होते. कोणत्याही कंपनीचा कॅमेरा असो, सुरुवात हीच. पीडीएफ सुरू होते ती टक्क्याच्या चिन्हाने, आणि लगेच इंग्रजीत पी, डी, एफ. जीआयएफ चित्राची पहिली सहा अक्षरं म्हणजे जीआयएफ आणि त्यापुढे ८७ए किंवा ८९ए. १९८७ आणि १९८९ या आवृत्त्यांच्या वर्षांवरून ती आली. झिप फायलीच्या सुरुवातीला पी, के असतं, ती फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. हा प्रकार त्यांनी १९८९ मध्ये आणला, २००० साली ते वारले, आणि आजही जगातली प्रत्येक नेहमीची झिप त्यांची सही घेऊनच जन्मते. डॉस आणि विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमची सुरुवात एम, झेड अशी असते. ती मायक्रोसॉफ्टमधल्या मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरं. जुन्या वर्डच्या कागदाची गंमत तर और आहे. संगणकाच्या सोळा अंकी मोजणीत त्याचे पहिले बाइट डी-शून्य, सी-एफ, एक-एक, ई-शून्य असे लिहितात. शून्याला 'ओ' आणि एक-एकला 'आय, एल' समजून वाचा, 'डॉकफाईल' हा शब्द दिसेल. कोण्या कंटाळलेल्या अभियंत्याने मजा केली असणार!

सगळ्या खुणा अगदी तोंडावरच असतात असंही नाही. एमपी-फोर चित्रफितीची खूण पहिले चार बाइट सोडून येते. 'टार' नावाच्या गाठोड्याची तर पहिले २५७ बाइट ओलांडल्यावर सापडते.

आता सातशे फायलींचे पहिले बाइट माणसाने बघत बसायचं म्हटलं तर दुकान बंद ठेवावं लागेल. त्यासाठी एक छोटी आज्ञा आहे, तिचं नावच फाईल. लिनक्सच्या काळ्या खिडकीत इंग्रजीत एफ, आय, एल, ई ही चार अक्षरं लिहायची, एक जागा सोडायची, फायलीचं नाव लिहायचं आणि एंटर मारायचा. उत्तर एका ओळीत येतं. नावाच्या जागी तारा काढला तर फोल्डरातल्या सगळ्या फायलींची उत्तरं एकाखाली एक येतात.

ही आज्ञा माझ्या ओळखीतल्या बहुतेक संगणकांपेक्षा वयाने मोठी आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीच्या चौथ्या आवृत्तीत ती होती. तिच्या माहितीच्या पानावर नोव्हेंबर १९७३ ही तारीख आहे. आज लिनक्समध्ये जी वापरतो ती इयन डार्विन यांनी १९८६ च्या सुमारास नव्याने लिहायला घेतली आणि सर्वांना खुली करून दिली. गेली ३० वर्षं आणि वर तिचा सांभाळ क्रिस्टोस झूलास करत आहेत. मला यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते ती अशी, की खुणांची यादी मुख्य प्रोग्रॅमच्या बाहेर, वेगळ्या वहीत ठेवलेली असते. कुठल्या जागी, कोणते बाइट दिसले, तर काय म्हणायचं, अशी एकेक नोंद. नवा प्रकार बाजारात आला की वहीत ओळ वाढवायची, यंत्र तेच. या वहीला त्यांनी 'मॅजिक' म्हटलंय. जादू कसली, चांगल्या किराणा दुकानदाराच्या डोक्यातही अशीच वही असते.

आज्ञा तीन पायऱ्यांनी चालते. आधी बघते, ही खरोखर फाईल आहे, की फोल्डर आहे, की नुसतीच रिकामी आहे. मग वहीतल्या खुणा ताडून बघते. त्यातही काही जुळलं नाही तर विचारते, हा साधा मजकूर आहे का, आणि असेल तर कोणत्या पद्धतीने लिहिलेला. तिथेही हात टेकले तर एकच शब्द छापते: 'डेटा'. म्हणजे काहीतरी आहे, काय ते ठाऊक नाही. हे प्रांजळपण मला आवडतं. करप्ट आहे असं ती म्हणत नाही.

मात्र तीही चुकते, आणि चुकते तेव्हा भारी चुकते. २००९ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या एका वापरकर्त्याची तक्रार गाजली होती, की बायकोचे कागद मंगळवारी प्रिंट होत नाहीत. बाकी सगळे दिवस होतात. ऐकणाऱ्यांना ही थट्टाच वाटली. प्रिंटर मंगळवारचा उपास धरतो म्हणायचं का? शोध घेतल्यावर कारण निघालं ते या वहीत. एर्लांग नावाच्या संगणकभाषेच्या फायलींची नोंद लिहिताना खुणेत मंगळवारची एक पूर्ण तारीख होती. पण मधल्या मोकळ्या जागांची खबरदारी न घेतल्यामुळे खूण म्हणून उरलं फक्त टी, यू, ई, म्हणजे मंगळवारचं इंग्रजी लघुरूप. प्रिंटरकडे जाणाऱ्या कागदावर त्या दिवसाची तारीख छापलेली असे. मंगळवार आला की अक्षरं जुळत, आज्ञा सांगे हा छपाईचा कागद नाहीच, आणि प्रिंटर गप्प बसे. हा किस्सा मी दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना सांगतो. गिऱ्हाइकाने कितीही वेडगळ तक्रार केली तरी हसू नये, वार लिहून घ्यावा.

आपल्या मराठीपुरतं बोलायचं तर या आज्ञेची एक मर्यादा माझ्या पोटाशी येते. १९९० च्या दशकात आणि पुढेही बरीच वर्षं मराठी डीटीपीचं काम श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा फॉन्टांवर चालत असे. त्यात संगणकाच्या लेखी अक्षरं इंग्रजी वळणाचीच. फॉन्ट फक्त त्यांच्या अंगावर मराठी कपडे चढवायचा. कपडे उतरवले की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस, उद्गारचिन्हं आणि आडव्यातिडव्या रेघांचा कचरा. माझ्याकडे त्या काळातल्या लग्नपत्रिकांच्या, अहवालांच्या शेकडो फायली आहेत. त्यांवर आज्ञा चालवली तर ती म्हणते, मजकूर आहे, इंग्रजी अक्षरांपलीकडचे बाइट आहेत. मराठी आहे, हे ती सांगू शकत नाही, कारण तसं काही आत लिहिलेलंच नाही! फॉन्ट कोणता होता हे कोणाच्या लक्षात नसेल, तर एकेक फॉन्ट लावून बघण्यावाचून गत्यंतर नाही.

युनिकोडने हे दुखणं बरंच घालवलं. आता यूटीएफ-आठ पद्धतीत मराठीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. 'म' म्हणजे २२४, १६४, १७४. पहिला बाइट कायम २२४, दुसरा १६४ किंवा १६५. आज्ञा ही ठेवण लगेच ओळखते आणि यूटीएफ-आठ मजकूर म्हणून सांगते. मराठी, हिंदी की देवनागरीत लिहिलेली सिंधी, हे मात्र तिला कळत नाही. लिपी तीच ना.

दुकानात या ज्ञानाचा रोजचा उपयोग होतो तो फॉर्म भरताना. परीक्षेचा फॉर्म, शेवटची तारीख, रात्रीचे साडेअकरा, आणि संकेतस्थळ मुलीचा फोटो घेत नाही. "दादा, जेपीजीच आहे हो, मीच नाव बदललं!" बदललंस ते नाव गं. २०१७ नंतरचे आयफोन फोटो एचईआयसी नावाच्या वेगळ्याच प्रकारात साठवतात. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्र पुष्कळदा वेबपी असतं. त्याला जेपीजीचं शेपूट लावलं तरी पहिले बाइट तेच राहतात, आणि अनेक संकेतस्थळं पडद्यामागे तेच तपासतात. फोटो उघडून खऱ्या अर्थाने जेपीजी म्हणून नव्याने साठवावा लागतो. दोन मिनिटांचं काम, पण ते माहीत नसल्यामुळे वर्ष जाऊ शकतं.

आणि शेपटाकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, त्याचाही धडा आहे. मे २००० मध्ये प्रेमपत्राच्या नावाने जो व्हायरस जगभर ईमेलने पसरला, त्याच्या फायलीला दोन शेपटं होती; पुढचं साध्या मजकुराचं, मागचं प्रोग्रॅमचं. विंडोज मागचं शेपूट लपवून ठेवतं, लोकांना दिसलं फक्त पुढचं. अलीकडचे भामटे तर लपवायची तसदीही घेत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं निमंत्रण येतं, नावाच्या शेवटी उघड उघड एपीके लिहिलेलं असतं. एपीके म्हणजे फोनमध्ये बसवायचं अ‍ॅप, पत्रिका नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये अशाच निमंत्रणावर बोट ठेवल्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेल्याची बातमी होती. लेबल खरं होतं, वाचलं नाही. मी स्वतः गेली तीस वर्षं पत्रिका बनवतोय. पत्रिका चित्र असते, पीडीएफ असते, फार तर चित्रफीत असते.

एपीकेच्या बाबतीत आपली आज्ञा जपून वाचावी लागते. एपीके आतून झिपच असते, वर्डचा २००७ नंतरचा कागदही झिपच असतो. दोघांच्याही तोंडावर पी, के. आज्ञेच्या नव्या आवृत्त्या आत डोकावून हे अँड्रॉइडचं अ‍ॅप आहे असं नेमकं सांगतात; जुन्या नुसतं झिप म्हणून थांबतात. आणि ओळख पटली म्हणजे माल निर्धोक, असंही नाही. पीडीएफ ही पीडीएफच आहे एवढं ती सांगेल. आत काय घातलंय त्याची हमी ती देत नाही.

घरी करून बघायचं असेल तर लिनक्स आणि मॅकमध्ये ही आज्ञा तयारच असते. विंडोजमध्ये नसते, तिथे 'गिट फॉर विंडोज' हा फुकट मिळणारा संच बसवला की त्याच्या काळ्या खिडकीत ती सापडते. तेही नको असेल तर संशयित फाईल, कॉपी करून, नोटपॅडमध्ये उघडा. सगळा कचरा दिसेल, पण पहिली ओळ बघा. पीके, एमझेड, पीडीएफ ही अक्षरं कचऱ्यातही वाचता येतात. मात्र नोटपॅडमध्ये सेव्ह दाबू नका, नाहीतर होती ती फाईलही जाईल.

तर आंटींचं कार्ड. आधी मी त्याची पूर्ण नक्कल काढून घेतली, मूळ कार्ड रुमालात परत बांधलं, आणि नकलेवर आज्ञा चालवली. पडदा भराभरा वर सरकू लागला. जेपीजी, जेपीजी, जेपीजी. फोटोत कॅमेऱ्याने जी माहिती भरलेली असते तीही आज्ञा दाखवते, त्यामुळे कोणत्या फोनने, कोणत्या तारखेला, हेही ओळीत येत होतं. मग मध्येच एक ओळ वेगळी आली: अ‍ॅडॅप्टिव्ह मल्टिरेट, टेलिफोनचा आवाज. जुने फोन आवाज टिपत ते याच प्रकारात, एएमआरमध्ये. त्याच्या तोंडावर एएमआर ही अक्षरं सरळ लिहिलेली असतात. मोजले तर असे चाळीसएक नग निघाले. मी त्यांना एएमआरचं शेपूट लावलं आणि आंटींना निरोप धाडला.

त्या स्टुलावर बसल्या. आवाजाच्या फायलींवर तारीख नव्हती, तेव्हा क्रम लावायचा प्रश्नच नव्हता. वरून सुरुवात केली. मला सिंधी येतं ते दुकानापुरतं. आकडे तेवढे कळत होते, आणि कारागिरांची नावं. मागे शिलाई मशीनची घरघर. एकीत हिशेब चालू असताना आतून कोणी बाई काहीतरी ओरडली, ते थांबले, तिला उत्तर दिलं आणि पुन्हा आकडे सुरू.

"हा माझा आवाज," आंटी म्हणाल्या. "चाय थंडी होतेय, म्हणून ओरडते."

ती त्यांनी चारदा ऐकली.

नव्वदएक फायलींपुढे आज्ञेने 'डेटा' एवढंच लिहिलं होतं. बहुधा मोठ्या फायलींचे मधले तुकडे असावेत, तोंड नसलेले. त्या पुसू का, विचारलं तर आंटी नको म्हणाल्या. माझ्याकडे त्यांचा एक फोल्डर आहे. आज्ञेची नवी आवृत्ती आली की त्यावर चालवून बघतो. मागच्या खेपेला दोन ओळखू आल्या, दोन्ही फोनच्या रिंगटोन निघाल्या. आंटी त्याही घेऊन गेल्या.